बेवड : पेडणे-डिचोलीच्या शेतातला न लिहिलेला इतिहास



इतिहासाच्या व्यासपीठावर सहसा राजे, लढाया, देवळे, ग्रंथ आणि चळवळी यांची चर्चा होते. आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे त्याला चेहरा नाही आणि त्याच्या नावाचा शिलालेखही कुठे नाही. अळसांद्याचे रोप हलक्या हाताने उपटले तर मुळांवर मोहरीच्या किंवा ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात. त्या गाठींत राहणारा एक जिवाणू हा आजच्या व्याख्यानाचा नायक. शास्त्रज्ञ त्याच्या कुळाला रायझोबियम म्हणतात.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतल्या शेतकऱ्यांनी भातानंतर कडधान्य पेरण्याचा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या पाळला. त्या रिवाजाने जमिनीच्या पोटात या जिवाणूची वस्ती राखली. कोणत्याही दप्तरात तिची नोंद झाली नाही; म्हणून ती विरळ होऊ लागली तेव्हा ते कोणाच्या ध्यानातही आले नाही. आज तोच जिवाणू पाकिटात भरून मिळतो. त्या पाकिटाचा उपयोग कुठवर आहे आणि कुठे तो संपतो, हे समजायचे तर आधी हा इतिहास समजून घ्यावा लागतो.

सुरुवात एका शब्दापासून करू. मराठी शेतकऱ्याच्या तोंडी ‘बेवड’ असा एक शब्द आहे. आधीच्या पिकाने जमिनीवर जो परिणाम ठेवला, तो बेवड. हरभऱ्याचा बेवड चांगला, भुईमुगाचा बेवड चांगला, ज्वारीचा बेवड जड, असे घाटावरचा शेतकरी सहज बोलून जातो. पीक निघून गेल्यावर शेतात काय उरते, याचे ज्ञान या एका शब्दात साठवलेले आहे. प्रयोगशाळेला ते कारण सापडण्याच्या कितीतरी आधी भाषेला तो परिणाम ठाऊक होता. आपल्याकडे हा शब्द तेवढा रुळलेला नसेल. पण त्यामागचा व्यवहार आपल्या शेतांत होताच.

हा व्यवहार कळायला आधी जमीन पाहू. गोव्याचा शेतकरी भातजमिनीचे तीन प्रकार मानतो : खाजन, खेर आणि मोरड. खाजन म्हणजे खाडीकाठची, बांध घालून आणि मानशी बसवून भरतीच्या पाण्यापासून सोडवलेली जमीन. तिथे खारे पाणी सोसणाऱ्या कोरगुटासारख्या भाताचे राज्य. मोरड म्हणजे डोंगरउतारावरची, पायऱ्यापायऱ्यांची, केवळ पावसावर जगणारी जमीन. या दोहोंच्या मधली, रेताड ते पोयट्याची आणि पाण्याची पातळी फार खोल नसलेली, ती खेर. पेडणे तालुका तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मध्ये वसलेला आहे. त्याच्या किनाऱ्याकडे रेताड पट्टा आहे आणि आत जांभ्या दगडाचे पठार. डिचोली किनाऱ्यापासून आत आहे. डिचोलीची नदी आणि साखळीची वाळवंटी मांडवीकडे वाहत जातात आणि त्यांच्या काठाने शेते पसरली आहेत.

पावसाळ्यातले भात म्हणजे सरद. ते कापून झाले की जमिनीत ओल उरलेली असते. जिथे पाणी देता येते तिथे वायंगणाचे भात लागते. जिथे तेवढे पाणी नाही, तिथे उरलेल्या ओलीवर अळसांदे, मूग, उडीद, कुळीथ पेरायचे. नोव्हेंबर-डिसेंबरात पेरलेला अळसांदा शिमग्याच्या आगेमागे घरात येतो. शेंगा माणसांना, पाला गुरांना, मुळे मातीला, अशी ही वाटणी. सकाळच्या पेजेबरोबरचे कुळथाचे सांगोर, श्रावणातल्या मुगागाठी, अळसांद्याचे तोणाक ही सारी याच दुसऱ्या पिकाची देणगी. १०० ग्रॅम तांदळात सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात, तर तेवढ्याच सुक्या चवळीत २४ ग्रॅमच्या आसपास. ज्या घरात रोज मासळी येत नव्हती, त्या घराची अंगमेहनत या दाण्यांवर चालली.

आता दप्तराकडे वळू. गोव्याच्या शेतीविषयी बोलताना १५२६ चा अफोंसो मेशियाचा फोराल पहिल्यांदा आठवतो. गावकरांचे हक्क आणि रिवाज त्यात नोंदले आहेत. पण तो तिसवाडीच्या बेटांचा. त्या वेळी पेडणे आणि डिचोली पोर्तुगिजांकडे नव्हतेच. हे दोन्ही महाल पुढे दीर्घकाळ सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. डिचोली १७८१ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीज सत्तेखाली गेले, म्हणून त्यांची गणना नव्या काबिजादींत होते. सत्ता बदलली, तरी महसुलाची नजर बदलली नाही. भात, नारळ, सुपारी या गोष्टी मोजता येतात, त्यांवर सारा बसतो, त्यांवरून तंटे होतात. म्हणून त्या कागदावर ठळकपणे उमटतात. सरद कापल्यावर घरापुरते टाकलेले चार कुडव अळसांदे सरकारच्या हिशेबात क्वचितच महत्त्वाचे ठरतात. ज्या कष्टावर कर नाही तो कष्ट दप्तरात दिसत नाही, हा नियम जगभराच्या शेतीच्या इतिहासात आढळतो.

ग्रंथांची स्थिती काय होती? मडगावचे बेर्नार्दु फ्रांसिस्कु द कोश्त यांचे हिंदी शेतकऱ्यासाठीचे पोर्तुगीज हस्तपुस्तक १८७२ पासून लिस्बनमध्ये छापले गेले. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ मध्ये लिहिला. जमिनीचा कस कशाने टिकतो आणि कशाने जातो, याची फुल्यांना तीव्र जाण होती. डोंगरावरचा पालापाचोळा पावसाच्या पाण्याबरोबर शेतात उतरायचा. जंगलखात्याने आणि धूपीने ते बंद पडले, हे त्यांनी परखडपणे मांडले. तरीही कडधान्याच्या मुळावरची गाठ नेमके काय करते, हे या दोघांनाच काय, त्या दिवशी पृथ्वीवर कोणालाच सांगता आले नसते. ते कोडे सुटले आणखी काही वर्षांनी.

कोडे सुटण्याची कथा मोठी रंजक आहे. गाठी दिसत होत्या फार पूर्वीपासून. इटलीच्या माल्पिगीने सतराव्या शतकात त्यांची चित्रे काढली होती. पण त्या किड्यांनी केलेल्या गाठी असाव्यात असे त्याला वाटले. फ्रान्समध्ये बूसिंगोने १८३८ मध्ये दाखवून दिले की क्लोव्हरसारखे शेंगावर्गी पीक घेतल्यावर नत्राचा हिशेब वाढीव निघतो. मग १८५७-५८ मध्ये इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड येथे लॉज, गिल्बर्ट आणि प्यू यांनी अत्यंत काटेकोर प्रयोग केले. बाहेरचे काही मिसळू नये म्हणून त्यांनी माती भाजून शुद्ध करून घेतली आणि निष्कर्ष काढला की वनस्पती हवेतले नत्र घेत नाहीत. त्यांचा काटेकोरपणाच त्यांच्या आड आला. माती भाजताना ज्याच्यामुळे हे घडते तोच मेला होता.

जर्मनीच्या हेलरीगेलने वाळूच्या कुंड्यांत धान्ये आणि वाटाणे वाढवले. धान्यांची वाढ त्यांना दिलेल्या नत्राच्या प्रमाणात होई. वाटाण्याचे मात्र काही खरे नव्हते. एक कुंडी जोमदार, तर शेजारची पिवळी पडलेली. निर्जंतुक वाळूत वाटाणा उपाशी मरे आणि त्याच वाळूत शेतातल्या मातीचे थोडे पाणी घातले की गाठी धरून हिरवागार होई. १८८६ मध्ये बर्लिनच्या सभेत त्याने हे जाहीर केले आणि १८८८ मध्ये विलफार्थसह सविस्तर छापले. त्याच वर्षी हॉलंडच्या बेयरिंकने गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवला. १८८९ मध्ये फ्रांकने त्याला रायझोबियम हे नाव दिले. ग्रीक शब्दांवरून बनलेल्या या नावाचा अर्थ ‘मुळात जगणारा’.

गाठीत काय चालते ते सोप्या शब्दांत सांगतो. आपल्या डोक्यावरच्या हवेत ७८ टक्के नत्र आहे. एका हेक्टर शेतावरच्या हवेच्या स्तंभात सुमारे ७८,००० टन नत्र असते. पण त्याचे दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की झाडाला त्याचा उपयोग नाही. भरल्या कोठाराला कुलूप असावे तशी ही गत. शेंगावर्गी झाड मुळातून एक विशिष्ट द्रव्य सोडते, ते ओळखून जिवाणू मुळाच्या केसातून आत शिरतो, झाड त्याच्यासाठी गाठ बांधते. झाड त्याला साखर पुरवते, तो कुलूप उघडून नत्र देतो. ज्या विकराने हे कुलूप उघडते त्याला लोह आणि मॉलिब्डेनम लागते आणि जास्त प्राणवायू सोसत नाही. म्हणून गाठीत आपल्या रक्तातल्यासारखेच एक लाल द्रव्य असते. ते प्राणवायू बेताने पुरवते. गाठ नखाने फोडावी. आतून गुलाबी असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर गाठ आहे पण काम नाही. ही परीक्षा कोणालाही शेतात उभ्याउभ्या करता येते.

पेडणे-डिचोलीच्या इतिहासासाठी यातला पुढचा शोध अधिक महत्त्वाचा आहे. कोणताही जिवाणू कोणत्याही पिकावर गाठ धरत नाही. हरभऱ्याचा वेगळा, वाटाण्याचा वेगळा, सोयाबीनचा वेगळा. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील फ्रेड, बाल्डविन आणि मॅककॉय यांच्या १९३२ च्या ग्रंथात अशा जुळणीप्रमाणे पिकांचे गट मांडलेले आहेत. त्यांत सर्वांत मोठा आणि सर्वांत उदार गट चवळीचा. चवळी, मूग, उडीद, कुळीथ, तूर, भुईमूग, ताग ही सारी पिके सावकाश वाढणाऱ्या जिवाणूंच्या एकाच समूहाशी सोयरीक करतात. त्या समूहातल्या बऱ्याच जिवाणूंना आज ब्रॅडिरायझोबियम म्हणतात.

आता आपल्या वायंगणी पिकांची यादी आठवा : अळसांदे, मूग, उडीद, कुळीथ. सगळी एकाच गटातली. एका वर्षी अळसांदे, पुढच्या वर्षी कुळीथ, शेजारच्या कुणग्यात उडीद असे पीक बदलले, तरी जमिनीतल्या जिवाणूला यजमान मिळतच राहिला. हा जिवाणू पिकाविनाही मातीत काही काळ तग धरतो, भाताच्या चिखलातूनही वाचतो. पण दरवर्षी गाठी फुटून लाखोंनी मातीत परतला, तरच त्याची संख्या भरीव राहते. गावकारीची उपमा इथे मला चपखल वाटते. गावकारीत जमीन एकट्याची नसे, हक्क सामाईक असे आणि तो टिकवायला प्रत्येक पिढीने गावात असावे लागे. मातीतल्या या वस्तीचेही तसेच आहे. तिच्यावर एका पिकाची मालकी नाही, पण कोणीतरी यजमान दरसाल शेतात हवाच.

यातली पिके आली कुठून, हेही पाहण्यासारखे आहे. मूग, उडीद, कुळीथ ही भारतातलीच. चवळी मूळची आफ्रिकेची. ती इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात भारतात पोचलेली होती. भुईमूग दक्षिण अमेरिकेचा, युरोपीय जहाजांच्या वाहतुकीनंतर इकडे आला. परक्या मुलखातून आलेल्या या पिकाला आपल्या मातीत गाठ धरायला अडचण पडली नाही, कारण चवळी-कुळथाने सांभाळलेला जिवाणू त्यालाही चालतो. पाहुण्याला घर तयार मिळाले, ते आधीच्यांनी बेवड राखल्यामुळे.

हे सगळे इतके सुरळीत होते, तर आपल्याकडचे पीक नेहमी भरघोस यायला हवे होते. तसे नव्हते, आणि हे स्पष्ट सांगितले पाहिजे. जुन्या शेतीचे गुणगान करताना तिचे दारिद्र्य विसरण्याची खोड आपल्याला आहे. आपली जमीन जांभ्याची. केरळातल्या अंगाडिपुरम येथे पाहिलेल्या या दगडाला फ्रान्सिस बुकॅननने १८०७ च्या ग्रंथात ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. शेकडो पावसाळ्यांनी धुऊन निघालेली ही माती आम्ल असते. तिच्यातले लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात. आम्लता फार वाढली की जिवाणू मंदावतो, मॉलिब्डेनम मिळेनासे होते आणि स्फुरदावाचून गाठी लहान राहतात. खाजनात याखेरीज मीठ आडवे येते. अशा जमिनीत शेतकरी राख टाकत आला. राखेने आम्लता थोडी उतरते आणि पालाश मिळते, हे आपण आज सांगतो. त्याला राखेचा गुण तेवढा माहीत होता. तरी उत्पन्न बेताचेच. त्यात जमीन भाटकाराची आणि मेहनत कुळाची. १९६४ चा कूळ कायदा येईपर्यंत सुधारणा करून लाभ कोणाचा, हा प्रश्न कुळापुढे असे. म्हणून मी म्हणतो की जुन्या रिवाजाने जिवाणू राखला, पण तो पूर्ण ताकदीने कामाला लावणे त्या रिवाजाच्या आवाक्यात नव्हते. ते काम विज्ञानाचे होते.

विज्ञानाने ते केले का? भारतात या जिवाणूवरचा पहिला अभ्यास बिहारमधल्या पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत एन. व्ही. जोशी यांनी केला. तो १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. रायझोबियम खताचे व्यापारी उत्पादन आपल्या देशात १९५६ च्या सुमारास सुरू झाले. मधल्या काळात जगाने दुसरी वाट धरली होती. हाबरने हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवण्याची रीत शोधली आणि १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ येथे तिचा कारखाना सुरू झाला. जे काम गाठीतला जिवाणू साध्या उन्हापावसात करतो, ते प्रचंड दाब आणि उष्णता वापरून करता येऊ लागले. त्या वाटेने लाभलेले अन्न नाकारता येणार नाही. मुक्तीनंतर गोव्यातही ती वाट आली. १९७३ मध्ये सांकवाळला झुआरीचा खत कारखाना सुरू झाला आणि युरिया आपल्याच भूमीत तयार होऊ लागला. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे आजच्या ४५ किलोच्या एका पोत्यात सुमारे २१ किलो नत्र.

पोते खांद्यावर आणता येते, दुकानात मिळते आणि आठवड्यात पान हिरवे करते. त्यापुढे बेवडाची किंमत कमी वाटू लागली तर नवल नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. नत्र आयते मिळाले की शेंगावर्गी झाड गाठी बांधणे कमी करते. जेवण विकत मिळत असेल तर स्वयंपाक्याला पगार कोण देणार?

डिचोलीवर याहून मोठा आघात जमिनीच्या वरून आला. १९५० च्या दशकात जपानला लोहखनिज जाऊ लागले आणि तालुक्याचा अर्थव्यवहार खाणीभोवती फिरू लागला. शिरगाव, मुळगाव, लामगाव, पाळे, वेळगे ही नावे भाताऐवजी खनिजाशी जोडली गेली. घरांत रोख पैसा आला, मुलांची शिक्षणे झाली, पक्की घरे उभी राहिली; हे नाकारणे खोटेपणा होईल. पण खनिज काढताना फेकून दिलेल्या मातीचे डोंगर उभे राहिले आणि पावसात त्यांचा तांबडा गाळ ओहोळांतून शेतांत उतरला. फुल्यांनी वर्णिलेले पाणी डोंगरावरचा पाला घेऊन उतरत असे. हे पाणी बारीक लोहमाती घेऊन उतरले. असा गाळ सुकला की त्याचा पापुद्रा धरतो, मुळाला हवा मिळत नाही, स्फुरद अधिकच अडकते. ज्या जिवाणूला मुळाभोवतीच्या हवेतून नत्र घ्यायचे आहे, त्याचा श्वासच कोंडतो. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या, नंतर नव्या लिलावांनी पुन्हा सुरू होऊ लागल्या. या चढउतारांत रोजगाराची चर्चा पुष्कळ झाली आणि ती व्हायलाच हवी. गाळाने भरलेल्या कुणग्यात पुन्हा अळसांदे का वाढत नाही, याची चर्चा मात्र फार थोडी.

खाणीच्या त्याच ढिगाऱ्यांवर एक बोलका प्रयोग उभा आहे. ते हिरवे करण्यासाठी ऑस्ट्रेलियन आकेशिया मोठ्या प्रमाणावर लावला गेला. ज्या मातीत दुसरे काही धरत नाही तिथे तो वाढला. कारण तोही शेंगावर्गी आहे, त्याच्याही मुळांवर गाठी येतात, आणि त्या गाठींतले जिवाणू बहुधा चवळीच्याच मोठ्या गटातले असतात. त्याला मुळांवर वाढणाऱ्या मायकोरायझा बुरशीचीही साथ मिळते. ती स्फुरद शोधून आणते. गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्रा. बी. एफ. रॉड्रिग्स यांनी या बुरशीवर दीर्घकाळ काम केले आहे. म्हणजे ढिगाऱ्यावरच्या झाडाला जगवणारे कुळ आणि खालच्या शेतातल्या अळसांद्याला जगवणारे कुळ जवळपास एकच. वरच्याला सरकारी योजनेचे बळ मिळाले; खालचे मालकाच्या सवडीवर राहिले.

पेडण्याची गोष्ट वेगळी. तिथे खाणीचा रेटा डिचोलीइतका नव्हता. तिळारी प्रकल्पाचे कालवे आले, पाण्याची आशा वाढली. त्याच काळात किनाऱ्याच्या जमिनीला पर्यटनाचा भाव आला आणि मोपाच्या पठारावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. शेतात मजूर मिळेना, मोकाट गुरे आवरेनात. भात कापल्यावर शेजारी पेरत नसेल तर एकट्याने पेरून राखण कशी करायची? वायंगण हा सामुदायिक व्यवहार होता. सगळ्यांनी पेरले तरच गुरे बांधली जात. एकेक कुणगा पडीक राहत गेला. पडीक शेत वरून हिरवे दिसते, म्हणून त्याची चिंता वाटत नाही. जमिनीखाली मात्र यजमानावाचून वस्ती विरळ होत असते.

आता पाकिटाकडे येतो. जर्मनीत नोबे आणि हिल्टनर यांनी १८९६ मध्ये ‘नायट्रॅजिन’ नावाने शेंगावर्गी पिकांसाठी जिवाणूंच्या बाटल्या विकायला काढल्या. अमेरिकेत १९०४-०५ मध्ये सरकारी खात्याने कापसावर वाळवलेले जिवाणू गाजावाजा करून वाटले. शेतकऱ्याच्या हाती पोचेपर्यंत त्यांतले पुष्कळ मेलेले होते आणि योजना फसली. तो धडा आजही लागू आहे. पाकिटातला माल जिवंत आहे. तो उन्हात, गाडीच्या टपावर किंवा तापलेल्या पत्र्याखालच्या गोदामात ठेवला तर उरते ती नुसती काळी पूड. म्हणूनच भारत सरकारने २००६ मध्ये जिवाणू खते खत नियंत्रण आदेशाखाली आणली. आजच्या मानकाप्रमाणे भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी आणि द्रवरूप खताच्या एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. पाकिटावरची मुदत वाचणे आणि पिकाचे नाव वाचणे, दोन्ही सारखेच महत्त्वाचे. हरभऱ्याचे पाकीट अळसांद्याला चालत नाही.

वापरण्याची रीत साधी आहे. साधारण १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे पाकीट. गूळ पाण्यात उकळून ते पाणी पूर्ण थंड करायचे, त्यात पूड कालवायची, बी हलक्या हाताने चोळायचे, सावलीत सुकवायचे आणि त्याच दिवशी पेरायचे. आपल्या आम्ल जमिनीत याला एक जोड हवी. पेरणीच्या आधी चुना, शेणखत आणि स्फुरद द्यावे. स्फुरद विरघळवणारे जिवाणूही आता मिळतात. चुन्यावाचून नुसते पाकीट म्हणजे पाहुण्याला बोलावून घराचे दार बंद ठेवणे.

आपल्या मातीवर काम करणारी संस्थाही आपल्याच दारात आहे. जुन्या गोव्यातील एला येथे १९७६ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे केंद्र आले. २०१४ पासून ते केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. स्थानिक अळसांद्याच्या ठळक दाण्याचा अभ्यास तिथे झाला आणि ‘गोवा चवळी-३’ हे वाण निघाले. शेजारी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण सदाबहार’ ही चवळी दिली. वाणांचे काम झाले. जिवाणूंचेही तसेच व्हायला हवे. पेडण्याच्या रेताड खेरीत आणि डिचोलीच्या आम्ल, लोहयुक्त मातीत ज्यांनी शेकडो पावसाळे काढले, त्या स्थानिक जिवाणूंनी ती आम्लता आणि ते मीठ सोसायची कला कमावलेली असते. दूरच्या काळ्या मातीतून आणलेला जिवाणू प्रयोगशाळेत कितीही तेज असला, तरी इथल्या मातीत मूळच्या रहिवाशांशी स्पर्धा करताना तो अनेकदा हरतो. म्हणून इथल्याच जुन्या कुणग्यांतल्या गाठी गोळा करून, त्यांतले चांगले निवडून, इथल्याच शेतकऱ्याला परत देणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. पण त्यासाठी जुने कुणगे पेरते राहिले पाहिजेत. वस्ती उठल्यावर खानेसुमारी करून उपयोग नाही.

पाकिटाची मर्यादा इथेच आहे. जिवाणूची ओळख शेताला एकदा करून देता येते. त्याला दरसाल यजमान पुरवणे हे माणसाचे काम. मुळे आणि पाला मातीत गेला तरच पुढच्या भाताला बेवड मिळतो, कारण मिळवलेल्या नत्राचा मोठा भाग दाण्यातून घरात येतो. आणि एकट्याच्या शेतावर वायंगण उभे राहत नाही. त्यासाठी वाड्याने मिळून पेरायचे, मिळून राखायचे ठरवावे लागते. विज्ञान जिथे थांबते तिथून पुढे पुन्हा रिवाजाचीच गरज लागते.

एका साहित्यसंस्थेच्या व्यासपीठावर हा विषय मी का निवडला, असे कोणी विचारील. उत्तर असे की या इतिहासाचे दप्तर भाषेतच उरले आहे. खेर, मोरड, कुणगा, सरद, वायंगण, मानस, बेवड हे शब्द म्हणजे शेतीच्या ज्ञानाच्या नोंदी आहेत. ज्यांनी दरसाल अळसांदे पेरले त्यांच्या तोंडी त्यांचे नेमके अर्थ अजून आहेत : कुठल्या कुणग्यात काय येते, कशानंतर काय पेरू नये, किती ओल राहिली म्हणजे बी टाकावे. ही माणसे सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांत बायका अधिक, कारण पेरणी, बेणणी आणि बियाणे राखण्याचे काम त्यांनीच केले. गावोगावच्या या नोंदी या एक-दोन हिवाळ्यांत लिहून घेतल्या, तर संशोधकाला गाठी कुठे शोधाव्यात हे कळेल आणि तरुण शेतकऱ्याला आपले शेत काय करू शकत होते ते समजेल. माझी आपणांस विनंती आहे की येत्या सुगीनंतर आपल्या गावातल्या एखाद्या आजीकडे वही घेऊन जावे, आणि परतताना मूठभर अळसांद्याचे बी मागून आणावे. वही संस्थेच्या संग्रहात द्यावी. बी पेरावे.